घरटं कुठे, ते आधी विचारा

आमच्या जीवशास्त्राच्या बाई सांगायच्या, अंड्याचा रंग विचारण्याआधी घरटं कुठे आहे ते विचारा. शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लिहिताना हेच सूत्र पुढच्या मुलांच्या हाती द्यावंसं वाटतं.

घुबड, पोपट, खंड्या यांची अंडी पांढरी असतात. ढोलीत किंवा मातीतल्या बिळात ती सहसा कुणाच्या नजरेला पडत नाहीत, मग रंग कशाला? टिटवी मात्र उघड्या जमिनीवर अंडी घालते. मातकट रंग, वर काळपट ठिपके. निमुळती टोकं आत वळवून चार अंडी इतकी चपखल बसतात की एका पक्ष्याच्या पोटाखाली सगळी झाकली जातात. दोन पावलांवरूनही ते खडेच वाटतात, म्हणून माळावर पाऊल जपून टाका. पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते, तेही सातभाईंच्या अंड्यांसारखंच निळं. या साऱ्या छटा मुख्यतः दोनच रंगद्रव्यांच्या: एक तांबूस तपकिरी, दुसरं निळं-हिरवं.

बदक शेवटचं अंडं घातल्यावरच उबवायला बसतं, त्यामुळे पिल्लं जवळपास एकदमच बाहेर येतात. घुबड पहिल्या अंड्यापासून बसतं. पिल्लं लहानमोठी होतात आणि भक्ष्य कमी पडलं की धाकटं दगावतं.

शाळेत इन्क्युबेटर ठेवणार असाल, तर कोंबडीचीच अंडी घ्या. रानपक्ष्यांच्या घरट्याला हात लावू नका. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस, एकूण २१ दिवस. पहिले १८ दिवस रोज निदान तीन वेळा अंडी फिरवायची, नाहीतर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरलं, की कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात आणि मधला ठिपका हलतो. बोथट टोकाकडची हवेची पोकळी रोज थोडी वाढली पाहिजे. दमटपणा जास्त झाला तर ती लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरतं. शेवटी हवा कोरडी पडली तर पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो.

कवचाला पहिली चीर गेली की हात आवरा. पिल्लू तासन् तास निपचित दिसतं, पण तेव्हा उरलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि पापुद्र्यातलं रक्त अंगात परतत असतं. त्या वेळी कवच सोललं, तर शिरा तुटून रक्तस्राव होतो.