यात्रेतला आकाशपाळणा उभा राहताना: माझा अनुभव

आमच्या गावची यात्रा चैत्रात असते. सातारा जिल्ह्यातल्या बहुतेक गावांसारखीच: पालखी, छबिना, कुस्त्या, तमाशा आणि ओढ्याकाठच्या मैदानात पाळणे. मी चाकणला एका कारखान्यात वेल्डिंगच्या तपासणीचं काम करते. म्हणून यात्रा कमिटीचे अध्यक्ष, आमचे आबा, गेल्या वर्षी म्हणाले, "पोरी, तुला लोखंडातलं कळतंय. यंदा पाळण्यांचं सगळं तूच बघ. कागद आणि पाळणा, दोन्ही." मी सुट्टी टाकली आणि गावी आले. यात्रा कमिटीत काम करणाऱ्या कुणालाही उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कागद. सार्वजनिक करमणुकीच्या परवान्यांचं मूळ महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ मध्ये आहे. आमच्याकडे प्रत्यक्षात अर्ज तहसील कार्यालयात गेला आणि तिथून यादी हातात आली: पोलीस ठाण्याचा ना हरकत दाखला, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यांत्रिकी शाखेचं तपासणी प्रमाणपत्र, विद्युत निरीक्षकांचा दाखला, विम्याची पॉलिसी, आगीच्या बंदोबस्ताची माहिती, ग्रामपंचायतीचा ठराव. यादी लांब वाटते, पण हे कागद मिळवणं अवघड नव्हतं. खरी अडचण वेगळीच निघाली. पाळणा पूर्ण उभा राहिल्याशिवाय यांत्रिकी तपासणी होत नाही आणि जागेचा लिलाव होतो यात्रेच्या तोंडावर. मग पाळणेवाले रात्रभर खपून पाळणा उभा करतात, सकाळी साहेब येतात, दुपारी तिकीट सुरू. तपासणीत काही निघालं तर दुरुस्तीला वेळच उरत नाही. अपुरा वेळ हाच सगळ्यात मोठा धोका होतो. मी आबांना सांगितलं, बाकी काही नको, मला मैदानावर चार दिवस जास्त द्या. आबांनी कमिटीत भांडून ते मिळवले.

ट्रक आले. साठ फुटी पाळणा, सोळा डबे, डब्यात चार माणसं. सगळं लोखंड मैदानात उतरवलं की त्यातून काही उभं राहील यावर विश्वासच बसत नाही. १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसनं जो मूळ पाळणा उभा केला तो २६४ फूट उंच होता, छत्तीस डबे आणि एका डब्यात साठ माणसं. पण तो एका जागी रोवलेला होता. आपल्या जत्रांतला पाळणा मला त्याच्यापेक्षा विल्यम सलिव्हनचा वंशज वाटतो. या माणसानं १९०० मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिल गावात असा पाळणा चालवून दाखवला, की जो सुटा करून दुसऱ्या गावी नेता येतो. चाकाभोवती दोर टाकून ते फिरवण्याची त्याची पद्धत आमच्या मैदानात आलेल्या पाळण्यालाही होती. ही युक्ती मला फार आवडते. इंजिनाची ताकद थेट मधल्या शाफ्टवर दिली तर तिथे प्रचंड पीळ बसेल. तीच परिघावरून दिली की थोडक्या ओढीत चाक फिरतं. शिवाय भार फारच एकांगी झाला तर दोर घसरतो.

पाळणा उभा करणारे आणि चालवणारे उस्ताद सोलापूरकडचे, साठीच्या घरातले. पहिल्या दिवशी त्यांनी एकही खांब उचलू दिला नाही. पहार घेतली आणि जिथे चार पाय येणार तिथे चार खड्डे घेतले, हातभर खोल. वर मुरूम, खाली काळी माती. ती चिमटीत दाबून ते म्हणाले, "ताई, ही वाळलेली हाय तवर दगुड. पानी लागलं की लोनी." काळी माती ओलीनं फुगते, वाळली की आक्रसते, आणि चैत्रात वळीव कधी गाठेल याचा नेम नाही. ग्रामपंचायतीच्या जेसीबीनं ती माती काढून घेतली, मुरूम थरावर थर टाकला, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवला. त्यावर रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर आडवे-उभे रचले, म्हणजे पायाचा भार मोठ्या जागेवर पसरतो. पाण्याच्या नळीनं चारही कोपरे एका पातळीत आणले. मैदानाच्या वरच्या अंगाला चर खणून पावसाचं पाणी ओढ्याकडे वळवलं. एवढं होईपर्यंत बघायला जमलेली पोरं कंटाळून घरी गेली होती.

राजकोटच्या जन्माष्टमीच्या लोकमेळ्यात गेल्या काही वर्षांत प्रशासन आणि पाळणेवाले यांच्यात जी ओढाताण झाली ती याच पायावरून. मे २०२४ मध्ये तिथल्या गेमिंग झोनच्या आगीनंतर गुजरातनं राइड्ससाठी नियम कडक केले आणि पाळण्याखाली काँक्रीटचा पाया हवा, असा आग्रह सुरू झाला. चार दिवसांच्या जत्रेसाठी हा खर्च पाळणेवाल्याला झेपत नाही, हे मला पटतं. पण मग तो पाया मैदानाच्या मालकानं, म्हणजे गावानं, एकदाच घालून ठेवायला हवा. दरवर्षी पाळणा त्याच जागी उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, आला. दोन्ही बाजूंचे खांब उभे राहिले, ओळंबा सोडून सरळ केले, वर शाफ्ट बेअरिंगमध्ये बसला. मग आरे. एक आरा लावला की लगेच समोरचा. नाहीतर अर्धवट चाक स्वतःच्याच वजनानं फिरून खालच्या माणसाला मारतं. जोड सगळे पिनांचे. पिन आत जाते, तिच्या भोकात आर-क्लिप बसते, आणि ती क्लिपच पिनेला बाहेर येऊ देत नाही. बोटाएवढी तार. उस्तादांचा नियम असा, की पिन एकानं लावायची आणि क्लिप दुसऱ्यानं हात लावून बघायची; ज्यानं लावली त्यानं बघायची नाही. आमच्या कारखान्यातही हाच नियम आहे.

वेल्ड तपासायची माझी पाळी आली. मी येताना डाय पेनेट्रंटचे, म्हणजे भेग दाखवणाऱ्या रंगाचे, तीन स्प्रे कॅन आणले होते. पद्धत सोपी आहे. जोडावरचा रंग आणि ग्रीस घासून, पुसून काढायचं. लाल द्रव फवारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. भेग असेल तर केसाएवढ्या फटीतही तो शिरतो. मग वरचा लाल रंग पुसायचा आणि पांढरी पूड फवारायची. फटीत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर झिरपून वर येतो. डबे ज्या कानांवर लटकतात ते सगळे कान मी असे तपासले. एका कानाच्या वेल्डच्या कडेला पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, नखाएवढी, आणि बघता बघता गडद झाली. साध्या डोळ्यांनी तिथे काहीही दिसत नव्हतं. रंगाचे थर चढलेले, वर चमकी.

पाळण्याचे मालक, शेठ, आधी म्हणाले, "वर एक टाका मारून घेऊ." मी नको म्हटलं. दर फेरीला कानावर भार वाढतो, कमी होतो. हजारो वेळा असं झालं की लोखंड शिणतं आणि भेग आत आत वाढत जाते. वर वेल्डिंगचा थर चढवला की ती झाकली जाते आणि शेजारचं लोखंड आणखी ठिसूळ होण्याची भीती. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोके घेणाऱ्या राइडचा दांडा चालू असतानाच तुटला, दोन माणसं गेली आणि कितीतरी जखमी झाली. मी शेठना मोबाइलवर त्या अपघाताचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनीच सांगितलं की हा डबा खाली काढा, आणि त्याच्या समोरचाही काढा, म्हणजे चाकाचा तोल राहील. यात्रेत पाळणा चौदा डब्यांवर चालला.

वेगाचं गणित मी उस्तादांसमोर मातीत मांडलं. मधल्या शाफ्टपासून डबा साधारण आठ मीटरवर. मिनिटाला सहा फेऱ्या झाल्या तर साठ किलोच्या माणसाला वरच्या टोकाला आपण चाळीस किलोचे झाल्यासारखं वाटतं आणि खाली ऐंशीचे. पोटात गोळा येतो तो यामुळेच, आणि तेवढी मजा हवीच. पण पोरांच्या आरडाओरड्याला भुलून मिनिटाला दहा फेऱ्या केल्या तर वर वजन जवळजवळ उरतच नाही, खाली ते दुप्पट होतं. वेग दीडपटीच्या जरा वर गेला, पण जोर मात्र जवळपास तिप्पट झाला, कारण इथे वेगाचा वर्ग लागतो. उस्ताद म्हणाले, "मला ह्ये आकड्यात म्हाईत न्हवतं, पर सहाच्या वर मी कवा नेला न्हाई." इंजिनाजवळच्या पाटीवर आम्ही खडूनं सहा लिहून ठेवलं.

माणसं बसवण्यातही शास्त्र आहे. ओळीनं चार डबे भरले तर साडेनऊशे किलोच्या आसपास भार एकाच बाजूला, मधापासून सरासरी सात मीटरवर. तो चाकाला खाली ओढतो, दोर घसरतो, ब्रेक ताणला जातो. म्हणून एक डबा भरला की अर्धी फेरी फिरवून समोरचा भरायचा. रांगेतली माणसं ओरडतात, "पुढचा रिकामाच गेला की!" त्यांना हे समजावून सांगायला आम्ही रांगेच्या तोंडाशी गावातलीच दोन पोरं उभी केली. पदर आणि ओढणी आत घ्यायला सांगायचं, लहान मूल एकटं बसू द्यायचं नाही, दाराची कडी बाहेरून लावून वर पिन घालायची, हे कामही त्यांच्याकडेच दिलं.

चाचणीला आम्ही माणसांऐवजी वाळूची पोती बसवली, सव्वापट वजनाची. आधी सारखा भार, मग मुद्दाम एकांगी. ब्रेक धरतो का, स्लीपर दबतात का, क्लिपा सरकतात का, सगळं बघितलं. एक पाय थोडा दबला; पाचरी मारून पुन्हा पातळी घेतली. यांत्रिकीचे साहेब आले तेव्हा त्यांना चाचणीची वही दाखवली. त्यांनी तीन तास घेऊन स्वतः सगळं पाहिलं आणि मग सही केली. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून आलेल्यांनी जनरेटरचं अर्थिंग मोजलं आणि ३० मिलिअँपिअर वीज गळली की तुटणारा ब्रेकर बटण दाबून तपासला. लोखंडाच्या अशा सांगाड्यावर रोषणाईची तार सोलली गेली तर दुसरं काही वाचवत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो फ्लेक्सवरून. खांबांच्या मध्ये वीस बाय दहाचा फ्लेक्स, पुढाऱ्यांच्या शुभेच्छांचा, दरवर्षी लागतो. मी सांगितलं, ताशी ५४ किलोमीटरचा वारा अशा फ्लेक्सवर अडीचशे किलोचा जोर लावतो, आणि वारा दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे टनभर. हा जोर खांबाला आडवा ढकलतो. दोन-चार जण रागावले. आबांनी फ्लेक्स वेशीवर लावायला लावला.

यात्रेच्या दुसऱ्या रात्री वळीव आलाच. पश्चिमेला वीज चमकली तेव्हाच उस्तादांनी तिकीट बंद केलं. वर पन्नासेक माणसं होती. उतरवतानाही तोच नियम: एक डबा रिकामा, मग समोरचा. घाई करून ओळीनं उतरवलं असतं तर वरची भरलेली बाजू जड होऊन चाक मागे फिरलं असतं. लोकांना हे पटवणं कठीण, कारण ज्याचा डबा खाली येऊनही थांबत नाही तो घाबरतो. भोंग्यावरून आबा स्वतः बोलत राहिले, "कुणी उठू नका, सगळ्यांना उतरवतोय." शेवटचा डबा उतरला आणि पाऊस कोसळला. मग रिकामं चाक बांधून ठेवलं, वीज तोडली. सकाळी चारही पायांची पातळी घेतली. पाया हलला नव्हता, चरातून पाणी ओढ्याला गेलं होतं. क्लिपा पुन्हा एकेक हात लावून बघितल्या आणि दुपारी पाळणा सुरू केला.

यंदासाठी कमिटीनं करारातच लिहून घेतलं आहे: जागेचा लिलाव पौषात, पाळणा यात्रेच्या आठवडाभर आधी उभा, डब्यांचे कान दरवर्षी तपासलेले, फ्लेक्स नाही, मुरमाचा पाया गावाच्या खर्चानं. एका सभासदानं हरकत घेतली की इतक्या अटी घातल्या तर बोली खाली येईल. बोली खाली आलीही. ती तूट शोभेच्या दारूचा खर्च कमी करून भरून काढली.