टेकवा, घासू नका

गेल्या रविवारी बेळगावच्या खडेबाजारातल्या कापडदुकानात बिल द्यायची वेळ आली, तेव्हा बाबांनी पितळी पानाचा डबा काढला आणि सरळ कार्डाच्या मशीनवर ठेवला. मशीन गप्प. मग डबा घासून पाहिला. दुकानदार हसला, "काका, कार्ड बाहेर काढून टेकवा की."

५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही हे कळल्यापासून बाबांचं कार्ड त्या डब्यात असतं. गर्दीत कुणी खिशाला मशीन लावलं तर? (तसं चार बोटांपलीकडे ते कार्ड ऐकतही नाही, पण बाबांना सांगणार कोण!)

घरी आल्यावर मी मुदत संपलेलं जुनं कार्ड कात्रीनं कापत होतो. कापल्या कडेला तांब्याचे तीन-चार ठिपके चमकले. नखानं ओढलं तर केसासारखी तार सुटून आली. बाबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं विजेच्या मोटारींत तांब्याच्या तारेचे वेढे भरलेला माणूस.

"अरे, हे वाइंडिंगच की!"

पुढं मला सांगावं लागलं ते थोडंच. ट्रान्सफॉर्मरच तो: वीज देणारे वेढे, म्हणजे प्रायमरी, मशीनमध्ये, घेणारे, म्हणजे सेकंडरी, कार्डात, मधे नुसती हवा. कार्ड जवळ नेलं की वेढ्यांत वीज उपजते, तेवढ्यावर चिप जागी होते, बॅटरी नाहीच. उत्तर द्यायला चिप आपला भार कमी-जास्त करते.

"लोड बदलला की सप्लायला कळतंच," बाबा म्हणाले. "पण एवढ्या चार वेढ्यांत भागतंय कसं?"

घरची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, मशीनचं चुंबकीय क्षेत्र १ कोटी ३५ लाख ६० हजार. हेलकावे जितके जलद, तितकी एकेका वेढ्यात वीज जास्त. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तरीच लोखंडाचा गाभा लागला नाही."

बहिणीचं बेंगळुरातलं मेट्रोचं कार्ड, हॉटेलातल्या खोलीची किल्ली, भाच्याच्या ऑफिसचं दार, सगळीकडं हीच जात. कोगनोळी टोलनाक्यावरचा फास्टॅग मात्र चुलतभाऊ म्हणायचा. त्याची लहर वेगळी, तो लांबूनच बोलतो.

डब्याचं कोडं बाबांनी स्वतःच सोडवलं. "पितळेत एडी करंट फिरतोय, म्हणजे धातूतच भोवऱ्यासारखी वीज, त्यात फील्ड तिथंच मरतंय. तो टाळायलाच तर मोटारीत अखंड लोखंड न घालता पातळ पत्र्या रचतात." म्हणजे चोराच्या भीतीनं केलेला उपाय शास्त्रशुद्ध निघाला. आता तो डबा सुटायची आशा सोडा.

कापलेल्या कार्डाचे तुकडे मी कचऱ्यात टाकायला उचलले, तर बाबांनी हात धरला. ती तार हळूहळू पूर्ण सोडवली, बोटाभोवती गुंडाळली आणि डब्यात, सुपारीशेजारी ठेवली.

"तांबं हाय ते. टाकतोस काय?"