दुधाचा खाडा आणि गुरू

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला जे कॅलेंडर टांगलंय, त्याच्या चौकटींत देवापेक्षा दूध जास्त आहे. खाडा झाला की फुली, जास्तीचं घेतलं की अधिकचं चिन्ह, सिलिंडर लावला त्या दिवशी ‘गॅ’. गेली दोन-तीन वर्षं याच चौकटींत मी ग्रहही कोंबते. ‘चं-शु’, ‘चं-गु’, ‘चं-श’, म्हणजे त्या दिवशी चंद्राची शुक्राशी, गुरूशी किंवा शनीशी युती, आकाशात जवळजवळ दिसणं. घरचे म्हणतात, हिला आता पत्रिका बघायचा नाद लागला.

तसं काही नाही. मला आकाशातलं फारसं कळतही नाही. लेकीबरोबर एकदा इथल्या, नागपूरच्या रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात गेले होते. बाहेर मे महिना, आत अंधार आणि गारवा. सप्तर्षी यायच्या आत मला झोप लागली. दुर्बीणही नाही. आहे ती मनीषनगरातल्या आमच्या स्कीमची, म्हणजे अपार्टमेंटची गच्ची, त्यावर चार टाक्या आणि वाळत टाकलेल्या कुणाच्या तरी चादरी.

मला सापडलं ते एवढंच, की ग्रह ओळखायला नकाशा लागत नाही, चंद्र पुरतो. तो आमच्या पेपरवाल्यासारखा आहे. महिन्यातून एकदा बिल मागायला प्रत्येक दारावरून जाणारच. रोज साधारण हात लांब करून धरलेल्या एका मुठीहून थोडा जास्त तो पूर्वेकडे सरकतो, आणि 27 दिवस नि काही तासांत त्याची फेरी पुरी होते. वाटेत ज्या ठळक, न लुकलुकणाऱ्या ठिपक्याच्या दारात तो दिसला, तो कोण हे तेवढं कुणाला तरी विचारायचं. पुढच्या महिन्यात तोच ठिपका आपल्याला ओळख देतो.

सुरुवातीला फजिती झाली. सोनेगावचं विमानतळ जवळ असल्यामुळे अर्धे ‘शुक्र’ दोन मिनिटांत खाली उतरायचे. बाबांना हे सांगितलं तर ते खूश. त्यांना विमान म्हटलं की एकच गोष्ट आठवते: 1949 साली सुरू झालेलं रात्रीचं हवाई टपाल. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चार दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून आपापल्या गावी परत जायची. “आपल्या डोक्यावर युत्या त्याच,” बाबा म्हणतात.

सगळ्यात जास्त वेळ माझा चंद्रकोरीवर गेला. गुढीपाडव्यानंतरच्या दोन-तीन संध्याकाळी पश्चिमेला बघा, कोर चक्क उताणी पडलेली असते, टेबलावर ठेवलेल्या वाटीसारखी. तिच्यात काही ठेवलं तर सांडणार नाही. उरलेलं अंधारं बिंबही पुसट दिसतं. तो आपल्याच पृथ्वीवरून परतलेला उजेड. 2023 च्या मार्चमध्ये, पाडवा होऊन दोनच दिवस झाले होते, 24 तारखेला, त्या कोरीला शुक्र असा खेटून बसला की गच्चीवर न चढणारी माणसंही त्या दिवशी चढली आणि रात्रभर फोनवर तोच एक फोटो फिरत राहिला.

कोर उताणी का, तर आपलं नागपूर 21 अंशांवर, आणि पृथ्वीचा कल साडेतेवीस अंशांचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच असल्यामुळे मार्चच्या संध्याकाळी सूर्य-चंद्र-ग्रहांची वाट आपल्याकडे पश्चिम क्षितिजातून जवळपास काटकोनात वर चढते. बुडालेला सूर्य चंद्राच्या थेट खाली असतो, म्हणून चंद्र खालून उजळतो. भाद्रपदात तीच वाट डावीकडे चांगलीच कलते. सूर्य खाली उजवीकडे राहतो आणि कोर तिरकी होते, वाटी कुणीतरी कलंडल्यासारखी. हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत कळलं नव्हतं, आणि त्याचं कारण शास्त्रीय नाही. भाद्रपदात कोर बघायच्या वेळेला नेमकी गणेश चतुर्थी. त्या दिवशी चंद्र बघितला तर चोरीचा आळ येतो म्हणून आई आम्हाला खिडकीलासुद्धा जाऊ देत नसे.

तीच आई दर संकष्टीला मात्र चंद्रासाठी जीव टाकते. ठाण्याहून बहिणीचा फोन येतो, “आमच्याकडे अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत,” की आईला नागपूरचा केवढा अभिमान वाटतो. पण कॅलेंडरात नागपूरचा चंद्रोदय असतो, आमच्या गल्लीचा नसतो. पूर्वेला सात मजली स्कीम झाल्यापासून आमचा चंद्र अर्धा तास उशिराने येतो.

2025 च्या डिसेंबरात संकष्टी 7 तारखेला होती, रविवार. आई शाल गुंडाळून टाकीजवळ उभी.

“आला का गं?”

“नाही अजून. तू खाली जा ना, थंडी लागून राहिली.”

“नैवेद्य दाखवल्याशिवाय काहून जाऊ?”

सात मजलीच्या कठड्यामागून आधी उजेड आला, मग चंद्र. आणि त्याच्या उजवीकडे, दोन-अडीच बोटांवर, पिवळसर आणि एकदम स्थिर असा गुरू. आईने चंद्राला हात जोडले. मग बाजूला पाहिलं. “हा कोण?” म्हटलं, गुरू. तिने त्यालाही जोडले. उपासाच्या दिवशी कुणाला नाराज करायचं नाही.

मी खाली येऊन 7 च्या चौकटीत ‘चं-गु’ लिहिलं. पुढची भेट 3 जानेवारीला, पौष पौर्णिमेला. त्यानंतरची 30 जानेवारीला. फेरी 27 दिवसांची आणि महिना 31 चा, म्हणजे जानेवारीत पेपरवाला दोनदा आला. मध्ये आणखी एक गंमत झाली. नोव्हेंबरात पुनर्वसू नक्षत्राच्या जोडताऱ्यांपैकी ठळक ताऱ्याशी ओळीत असलेला गुरू दर आठवड्याला थोडा मागे सरकत चालला होता. अजनीजवळ आपली एक्स्प्रेस शेजारच्या पॅसेंजरला मागे टाकते तेव्हा ती पॅसेंजर उलटी चालल्यासारखी वाटते ना, तसं. पृथ्वी त्याला ओलांडत होती. पत्रिकेतला ‘वक्री’ शब्द मी जन्मभर ऐकला, कुणाचं तरी लग्न अडलं की. ते मागे सरकणं गच्चीवरून एका मुठीएवढं दिसतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

जानेवारी संपला आणि दूधवाला हिशेबाला आला. नवऱ्याने कॅलेंडर काढून खाडे मोजले, पाच. दूधवाल्याच्या वहीत तीन.

“तीन तारखेले त म्या सोता दूध देल्लं,” तो म्हणाला. “अन् तीस तारखेलेबी. वैनीले इचारा.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी चौकटींकडे. घाईघाईत लिहिलेला ‘चं-गु’ लांबून खरंच फुलीसारखा दिसत होता. डिसेंबरच्या हिशेबात 7 तारखेचं दूध आम्ही असंच फुकट प्यालो असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दूधवाल्याला ते पैसेही दिले. कशाचे, हे त्याला नीट समजावता आलं नाही.

आता ग्रहांसाठी हिरवा पेन आहे. तो कॅलेंडरलाच दोऱ्याने बांधलाय.