तुम्ही विचारलंत म्हणून: ‘जुन्या मशीनाक काय झाला?’

हा प्रश्न मला माझ्या गिटारच्या क्लासमधली पोरं विचारतात, कुडाळ स्टेशनबाहेरचे रिक्षावाले विचारतात, बायको जेवायला वाढताना विचारते. पोरं पुस्तकी मराठीत विचारतात, बाकीचे मालवणीत. अर्थ एकच. घरात चालू अवस्थेतला गिटारचा प्रोसेसर (निरनिराळ्या अ‍ॅम्पचे आवाज काढणारा डबा) असताना हा माणूस नव्याची वाट बघत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर काय बघत बसतो? गेल्या चतुर्थीला तर एका काकांनी दोन आरत्यांच्या मधे गाठलं. तोंडात मोदक होता म्हणून सुटलो. यंदाची, म्हणजे २०२५ची, चतुर्थी तोंडावर आली आहे, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

मला मशीनचं वेड नाही. वीस वर्षांत तीन प्रोसेसर आणि एक अ‍ॅम्प, एवढाच माझा संसार. तेवढ्या काळात तुम्ही मोबाइल किती बदललेत ते मोजा आणि मग बोला.

(हे मी बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, मोबाइल येण्याआधी सहा महिने कोण त्याचं बारसं करीत नाय.)

पहिला प्रोसेसर म्हणजे लाइन सिक्स कंपनीचा लाल पॉड. तो बाजारात आला १९९८ साली, माझ्याकडे आला बऱ्याच वर्षांनी, कुणाच्या तरी हातचा. आकार थेट काजूच्या बीसारखा. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक, ज्यांना आम्ही भाई म्हणतो, त्यांनी पहिल्या दिवशी तो उलटासुलटा करून विचारलं, ‘ह्यात काजी भाजतत काय?’ मी हसलो नाही. त्या डब्यात मोठमोठ्या विलायती अ‍ॅम्पांचे आवाज आहेत असं मी त्यांना सांगत होतो आणि ते आतली वात शोधत होते.

मग मला उपरती झाली. प्रोसेसर म्हणजे प्लास्टिक, खरा आवाज व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांच्या अ‍ॅम्पचा), असं मीच या गावात सगळ्यांना सांगत सुटलो. व्हॉल्व्हशिवाय गिटार म्हणजे कोकमाशिवाय सोलकढी, हे वाक्य माझंच. अजून पोरं ते मला ऐकवतात. मुंबईतून जुना व्हॉल्व्हचा कॉम्बो, म्हणजे स्पीकरसकट अ‍ॅम्प, घेतला आणि कोकणकन्येनं आणला. बावीस किलो. सीटखाली मावेना, म्हणून रात्रभर पायाशी घेऊन बसलो.

तो अ‍ॅम्प वाजायचा सुंदर, हे आजही मान्य. पण समुद्राची हवा गिटारवाल्याचं ऐकत नाही. वर्षभरात सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या, नॉब फिरवला की चणे भाजल्यासारखा आवाज यायला लागला, आणि जुलैत स्पीकरचा कागद असा सादळायचा की पापडच. व्हॉल्व्ह गेला तर तो मुंबईहून मागवायचा. त्यात वाडीवाडीतली वीज. एडी व्हॅन हेलन हा अमेरिकन रॉक गिटारवाला म्हणे मुद्दाम व्हेरिअ‍ॅक लावून अ‍ॅम्पला कमी व्होल्टेज द्यायचा. आमच्याकडे ती सोय फुकट होती. संध्याकाळी सात वाजता सगळ्या घरांत दिवे आणि पंप लागले की माझा आवाज आपोआप बसायचा आणि नऊनंतर सुधारायचा. बघा, तक्रार करतो म्हणतो आणि आठवण काढतो.

२०२३च्या पावसाळ्यात त्याचा ट्रान्सफॉर्मर गेला. त्याच्या आधी दोन महिने मी एक शहाणपण केलं होतं. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन नावाच्या माणसानं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट, सगळ्यांसाठी खुलं करून ठेवलं आहे. अ‍ॅम्पमधून एक ठरावीक, काही मिनिटांचा ध्वनी पाठवायचा, बाहेर काय येतं ते रेकॉर्ड करायचं. आत काय गेलं आणि बाहेर काय आलं यातला फरक संगणक शिकून घेतो. आतल्या रेझिस्टर-कपॅसिटरची त्याला गरज नसते. केम्पर कंपनीनं २०११ साली जे प्रोफाइलिंग, म्हणजे अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल, आणलं त्याच वाटेवरचं हे पुढचं पाऊल, फक्त आता खिशाला परवडणारं. तर माझा अ‍ॅम्प मेला, पण एका नॉबच्या एका जागेवरचा त्याचा आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये फाइल होऊन पडला आहे. हेडफोन लावून वाजवतो तेव्हा तो तोच असतो. निदान मला तरी तोच वाटतो.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की. नाही झालं. ती फाइल माझ्या आताच्या प्रोसेसरमध्ये चढत नाही. त्यात कारखान्यातून आलेले अ‍ॅम्प आहेत, बाहेरचा पाहुणा घेत नाही. लॅपटॉपच स्टेजवर नेऊन बघितला. पंखा घरघरतो, पडद्याच्या उजेडावर पावसाळी किडे जमतात, आणि एकदा तर गाण्याच्या मधे अपडेट सुरू झालं. म्हणजे मला नवं मशीन हवं आहे त्याला कारण आहे. लिहून ठेवा: कारण आहे.

पण खरं काय ते सांगायचं तर मे २०२४ची ती रात्र सांगावी लागेल, जी मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

मालवण तालुक्यातली एक वाडी. सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा, रात्री आमचा कार्यक्रम. त्या वर्षी आम्ही एक जुनं गाणं नव्यानं बसवलं होतं आणि मधल्या म्युझिकचा तुकडा भाईंनी मला दिला होता. एरवी तो तुकडा बेंजोचा. आमचा बेंजोवाला चांगला, पण तो सगळं वाजवतो. त्याच्या हातून एक तुकडा सुटून माझ्याकडे आला याचं मला काय वाटलं असेल ते गिटारवालेच जाणोत. आमच्याकडे गिटार म्हणजे कॉर्ड धरणारा, फोटोत बरा दिसणारा माणूस.

त्या एका तुकड्यासाठी मी तीन महिने पॅच, म्हणजे प्रोसेसरमधली आवाजाची मांडणी, बनवला. दोन अ‍ॅम्प, एक डावीकडे, एक उजवीकडे. कॅबिनेटचे इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाच्या फाइली) पंचवीस-तीस ऐकून त्यातले दोन निवडले. रात्री पोरं झोपल्यावर, अगदी हळू आवाजात. इथेच पहिली चूक. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय की आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून रात्री हळू आवाजात माणूस खर्ज वाढवत जातो, आणि तोच पॅच मोठ्या स्पीकरवर गेला की पिंपात दगड टाकल्यासारखा घुमतो. मला हे माहीत होतं. क्लासमध्ये मी हे शिकवतो. दुसरी चूक, डावं-उजवं. मंडपातला साउंड मोनो. दोन्ही बाजू एकात मिसळल्या की एकमेकींना खातात. हेही मला माहीत होतं. तरी केलं, कारण हेडफोनमध्ये ते इतकं छान वाटत होतं की माझ्या अंगावर काटा यायचा.

साउंड चेकच्या नावाने साउंडवाल्यानं ‘हॅलो, हॅलो, चेक’ एवढं केलं. गाणं सुरू झालं. दुसरा अंतरा संपत आला, मी पायाने पॅच बदलला, आणि लाइट गेली.

जनरेटर होता. दोन-तीन सेकंदात चेंजओव्हर झाला. मिक्सर लगेच आला, की-बोर्डवाल्याचा की-बोर्ड बॅटरीवर होता, ऑक्टोपॅडवाल्यानं नुसत्या काठ्या आपटून ताल धरून ठेवला, भाईंनी माइक आल्याबरोबर ‘टाळी थांबू देऊ नका!’ म्हटलं, आणि ढोलकी तर वीज गेल्याचं तिला कळलंही नव्हतं. फक्त माझा प्रोसेसर. त्याचा पडदा आधी काळा, मग कंपनीचं चिन्ह, मग खाली एक पट्टी हळूहळू भरत जाणारी. मी नंतर घरी घड्याळ लावून मोजलंय: पंचेचाळीस सेकंद. घरी पंचेचाळीस सेकंदात पाणीसुद्धा पिऊन होत नाही. तिथे मी चारशे माणसांसमोर वाकून त्या पट्टीकडे बघत होतो. तुकडा आला. मी तारांवर बोटं फिरवत राहिलो, जणू वाजतंय. होय, मी वाजवायचं नाटक केलं. पट्टी अर्धी भरली होती तेव्हा तुकडा अर्धा झाला होता, आणि तो बेंजोवर वाजत होता. नेहमीसारखा, पूर्ण, एकही जागा न सोडता. टाळ्या पडल्या. प्रोसेसर चालू झाला तेव्हा गाणं ध्रुवपदावर आलं होतं आणि मी कॉर्ड धरले.

कार्यक्रम संपल्यावर बेंजोवाला म्हणाला, ‘तू गप रवलंस म्हणान मी वाजवलंय.’ त्याच्या आवाजात चढेलपणा नव्हता, तेच जास्त लागलं. मी साउंडवाल्याकडे गेलो, म्हटलं, भाऊ, माफ करा, मधे माझा गॅप पडला. तो वायर गुंडाळत होता.

‘कसलो गॅप? माका काय कळाक नाय.’

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या कुणीतरी गाण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. मी तो खूपदा ऐकला, किती ते सांगत नाही. गिटार कुठे गेली आणि कुठे परत आली ते मला शोधता आलं नाही. मला! लाइट गेल्याची जागा कळते, बेंजो कळतो, एक लहान मूल रडतं ते कळतं. फोनचा माइक तसाच असतो, त्याला खर्ज कळत नाही, हे सगळं खरं आहे. तरीही.

‘यूपीएस का लावला नाहीस?’ हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. घेतला नंतर. आत शिशाची बॅटरी, पाच किलो, वर त्याची स्वतःची घुरघुर. अ‍ॅम्प जड म्हणून प्रोसेसर घेतला होता ना मी.

तेव्हापासून नव्या मशीनची वाट बघण्याची माझी रीत बदलली, असं मी स्वतःला सांगतो. लोक आवाज ऐकतात, मी व्हिडिओत मशीन चालू करतानाचा भाग शोधतो. तो बहुतेक जण कापून टाकतात. सगळं तयार झाल्यावरच कॅमेरा सुरू. पुढे एक माणूस तासभर एकाच अ‍ॅम्पचा ट्रेबल फिरवत बसतो, आणि मला हवे ते सेकंद कुणी दाखवत नाही.

पण तेवढ्यासाठीच रात्री दोन वाजतात का? नाही. २०२०च्या जानेवारीत न्यूरल डीएसपी कंपनीचा क्वाड कॉर्टेक्स हा प्रोसेसर जाहीर झाला, लोकांच्या हाती लागायला २०२१ उजाडलं. मधलं ते वर्ष सगळं बंद होतं, आमची एक सुपारी नव्हती, आणि तरी मला ते वर्ष वाईट गेलं असं वाटत नाही. मी रोज वाट बघत होतो. मशीन आलं, मी घेतलं नाही, पैसे नव्हते, आणि खरं तर थोडं बरं वाटलं. आता लाइन सिक्सचाच हेलिक्स. पहिला आला २०१५ साली, त्याचा पुढचा मोठा अवतार, स्टेडियम, २०२५च्या जूनमध्ये जाहीर झाला. आठ इंची टच स्क्रीन, नवं मॉडेलिंग, शिवाय बाहेरच्या अ‍ॅम्पची नक्कल उतरवायची सोय, तीही नंतरच्या अपडेटमध्ये येणार असं तेव्हा सांगितलं. म्हणजे आधी मशीनची वाट, मग अपडेटची. पूर्वीचा मी याला मूर्खपणा म्हणाला असता. पूर्वीच्या मला मी सांगेन, बावीस किलो पायाशी घेऊन रात्रभर बसणारा तूच ना?

बायकोनं एकदा सरळच विचारलं, ‘तुका आवाज होयो काय मशीन होया?’ मी म्हटलं आवाज. ती म्हणाली, आवाज तर तुझ्या लॅपटॉपात आसा. मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

पैशाचंही सांगतो, म्हणजे तो प्रश्न वेगळा यायला नको. यंदा आंब्यावर मदार होती. मेच्या विशीपासून पाऊस लागला, २५ तारखेला मान्सून देवगडात दाखलसुद्धा झाला. शेवटचा आंबा जो कॅनिंगला जातो तो झाडाखालीच राहिला. तेव्हा यंदा काही घ्यायचं नाही हे ठरलेलं आहे. घ्यायचं नाही म्हणून वाट बघायची नाही, असा कुठे नियम आहे?

परवा तालमीला बेंजोवाल्याच्या मशीनची वायर तुटली. म्हणून त्याचा बेंजो मी माझ्या प्रोसेसरमध्ये लावला. साधा क्लीन अ‍ॅम्प, बारीकसा डिले, घाईत खर्जही कमी करून टाकला. तो वाजवायला लागला आणि भाई बोलता बोलता थांबले. ऑक्टोपॅडवाल्यानं मान वळवून बघितलं. त्या मशीनमधून इतका बरा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

रात्री त्याचा मेसेज आला. ‘नवीन येतलाच तर ह्या मशीन विकतलंस तेव्हा पयलो माका सांग.’

निळ्या टिका गेल्यात. उत्तर दिलेलं नाही.