डेकवरचे गोडे पाणी

लाकडी जहाजाचा खरा शत्रू समुद्र, अशी संग्रहालयात येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांची समजूत असते. शिपवर्म हा लाकूड पोखरणारा सागरी जीव सोडला, तर सतत खाऱ्या पाण्याखाली असलेली फळी सहसा कुजत नाही, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलाव्याइतकीच हवाही लागते आणि मीठ तिला मानवत नाही. एकोणिसाव्या शतकात काही जहाजबांधणी करणारे बरगड्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरून ठेवत, ते याचसाठी. जहाजाचा घात करते ते वरून झिरपणारे पावसाचे पाणी.

मी जतनविभागात लाकडाच्या तपासणीचे काम करतो. आमचे जहाज ओक लाकडाचे, शिडांचे, मूळचे मालवाहू. आता ते धक्क्याला बांधलेले असते आणि लोक त्यावर चढून ते पाहतात. तपासणीची आमची पद्धत जुनी आणि नवी अशी मिश्र आहे. आधी प्रत्येक तुळई लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. जिथे आवाज बोदा येईल तिथे आर्द्रतामापक टेकवायचा. आणि तरीही शंका राहिली तर सुईसारख्या बारीक ड्रिलने आतपर्यंत जाऊन लाकूड किती विरोध करते त्याचा आलेख काढायचा. आर्द्रता वीस टक्क्यांच्या आत असेल तर बुरशीची चिंता नसते.

त्या दिवशी सकाळभर सगळे ठीक चालले होते. तळाच्या फळ्या ठणठणीत होत्या, कण्याजवळचे सांधे घट्ट होते. दुपारी आम्ही मुख्य डेकच्या खाली गेलो आणि डाव्या कडेला, जिथे तुळईचे टोक जहाजाच्या बाजूच्या लाकडावर टेकते, तिथे हातोडीचा आवाज एकदम बसला. वरचा रंग शाबूत होता, भेगही नव्हती. मापकाचा आकडा मात्र तिसाच्या पुढे गेला, आणि ड्रिलच्या आलेखावरची रेघ दोन बोटे आत गेल्यावर जवळजवळ तळाला टेकली. रंगाचा पापुद्रा काढल्यावर आतले लाकूड तपकिरी, चौकोनी तुकड्यांत तडकलेले दिसले. बोटांनी दाबले की त्याची भुकटी होत होती. शेजारच्या लोखंडी बोल्टाभोवती शाईसारखा काळा डाग पसरला होता. ओकमधले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि ओले लोखंड एकत्र आले की असे होतेच. (१८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे शिडांची युद्धनौका, आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे, सागाच्या अंगच्या तेलामुळे लोखंडाशी त्याचे ओकपेक्षा कितीतरी बरे जमते.)

पाणी आले कुठून, हा प्रश्न होता. आमच्या ज्येष्ठ जहाजसुतारांनी सांध्यातून निथळणारे थेंब एका काचनळीत धरले, तळातल्या पाण्याचे थोडे दुसऱ्या नळीत घेतले, आणि मी दोन्हींत खारे पाणी पांढरे करणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. तळातले पाणी क्षणात दुधासारखे पांढरे झाले. सांध्यातले जेमतेम धुरकटले. “हे पावसाचंच आहे,” ते म्हणाले, “आता डेकच्या फटी बघू या.” वर जाऊन पाहिले तर कडेच्या फळ्यांमधले डांबर एका बाजूने फळीपासून सुटले होते. नखही जाणार नाही एवढी ती फट, पण पाण्याला पुरेशी.

फळ्या आकसल्या कशाने, याचे उत्तर मला संध्याकाळी लॉगबुकांत मिळाले. या जहाजाची जी लॉगबुके आमच्याकडे आहेत, त्यांत जवळजवळ प्रत्येक सकाळी ‘डेक धुतला’ अशी नोंद आहे, वादळाचे दिवस वगळता. त्या नोंदीकडे शिस्तीचा भाग म्हणूनच पाहिले जात असे. पण समुद्राच्या पाण्याने रोज धुतलेला डेक फुगलेला राहतो, फटी मिटलेल्या राहतात, आणि फळीत थोडे मीठ मुरत जाते. खलाशी गेले तेव्हा हा रिवाजही गेला. संग्रहालय झाल्यावर पाहुणे घसरू नयेत म्हणून डेक कोरडा झाडला जाऊ लागला. उन्हात फळ्या वाळल्या, आणि पुढच्या पावसाने आपली वाट शोधली. जहाज जतन करायचे म्हणजे त्याची रोजची कामेही जतन करायची, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे, आणि बैठकांमध्ये मी ते आग्रहाने मांडतो.

दुरुस्ती करताना कुजलेला भाग सोडून निरोगी लाकूड लागेपर्यंत तुळई कापली आणि लांब तिरका सांधा करून नवे ओक जोडले. नव्या तुकड्यावर वर्ष कोरले आहे, म्हणजे उद्याच्या अभ्यासकाला ते मूळचे वाटणार नाही. मोठा वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर: हे काम चालू असताना तो भाग पाहुण्यांसाठी बंद ठेवायचा की उघडा? बंद ठेवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. स्टॉकहोमचे ‘वासा’ जहाज १६२८ साली बुडाले, १९६१ साली वर काढले गेले आणि सतरा वर्षे त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे लाकूड वाळताना आकसू नये म्हणून त्यात मुरवायच्या मेणासारख्या रसायनाची, फवारणी झाली. तरीही २००० सालच्या पावसाळी उन्हाळ्यात ओल्या कपड्यांनी आलेल्या गर्दीमुळे दालनातली आर्द्रता वाढली आणि लाकडावर आम्लयुक्त क्षारांचे थर दिसू लागले. माणसांचा भार जुन्या लाकडाला सोसावाच लागतो. पण त्यावर तिथे दारे बंद झाली नाहीत. हवा नियंत्रित करणारी यंत्रणा सुधारण्यात आली. माझे म्हणणे मी याच उदाहरणावर उभे केले, आणि अखेर ते मान्य झाले.

कामाच्या काळात एका वेळी मोजकेच लोक खाली सोडले. कापून काढलेले टोक टेबलावर ठेवले होते; लोक ते हातात घेत, भुकटी बोटांवर चोळून पाहत, आणि मग वरच्या फटीबद्दल विचारत. रंगवलेल्या, चकचकीत जहाजापुढे इतके प्रश्न विचारलेले मी कधी ऐकले नव्हते.

आता दरवाजे उघडण्यापूर्वी रोज समुद्राच्या पाण्याने डेक धुतला जातो, आणि ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांना लवकर येऊ दिले जाते. उजव्या कडेच्या दोन तुळयांचे आकडे अजून वीसच्या वर आहेत. त्यांच्यावरच्या फटी नव्याने भरल्या आहेत आणि दर आठवड्याला मी तिथला आकडा वहीत लिहितो.