चावडीचा मालक कोण? : माझा अनुभव

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आमच्या गावठाणातली चावडी दुरुस्त करायला गावकीनं वर्गणी काढली. पैसे जमले, सुतार मिळाला. सागवानी खांब ठणठणीत होते, फक्त वासे आणि कौलं बदलायची होती. हे सगळं भराभर झालं. अडलं ते एका कार्यालयात, दुरुस्तीच्या परवानगीच्या अर्जातल्या एका रकान्यात: धारकाचे नाव.

मी लिहिलं, ‘समस्त गावकी’. खिडकीवरून प्रश्न आला, ‘गावकी म्हणजे कोण? व्यक्ती की संस्था? आधार कार्ड कुणाचं जोडलंय?’ पंचांच्या सह्यांचं पत्र दिलं, तर नोंदणीचा दाखला मागितला. मग सुचवलं, कुणा एकाचं नाव टाका. ते मी साफ नाकारलं. याच ओट्यावर बसून गावानं नवी मुंबईसाठी सरकारनं घेतलेल्या जमिनींच्या 1984च्या आंदोलनाचं ठरवलं, उरणजवळच्या जासईत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या हाकेला इथूनच माणसं गेली. त्या लढ्यात पाच जणांनी जीव दिला, तेव्हा पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड परत पदरात पडले. ही वास्तू कुणा एकाच्या नावावर कशी चढवायची? उद्या त्याचे वारस बिल्डर घेऊन आले तर?

नंतर साहेब रजेवर, फाईल दुसऱ्या टेबलावर, आणि पुन्हा तोच प्रश्न. अजून आठवलं की डोकं तापतं. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. तो होता म्हणून ‘तुमचा अर्जच नाही’ हे उत्तर टिकलं नाही.

गाठ सुटली माहितीच्या अधिकारानं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नुसत्या नकला मागता येतात असं नाही, दप्तर समोर बसून पाहताही येतं. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. जुन्या ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत ओळ सापडली: चावडी, कौलारू. 1 जानेवारी 1992ला नवी मुंबई महापालिका आली तेव्हा पंचायतीची मिळकत तिच्याकडे गेली. म्हणजे मालक कागदावर होताच! ती नक्कल जोडून, महापालिका मालक आणि गावकी विनंती करणारी, असा नवा अर्ज केला आणि परवानगी निघाली. त्या दिवशी मी गावात ताठ मानेनं फिरलो.

हो, एक राहिलं. चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू देऊ नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून झडते. आमच्या खाडीच्या हवेत तर लवकरच. चुन्यातच काम करणारा गवंडी शोधा, महाग पडला तरी.

आणि दप्तर बघायला जाताना गावातलं एखादं वयस्कर माणूस सोबत न्या. आमच्या नोंदीत घर नंबर नव्हता, शेजाऱ्यांच्या नावांनी चतुःसीमा लिहिलेली होती. ती नावं आमच्या आजीनं ओळखली, साहेबांना नाही ओळखता आली.