नाव कोणत्या रकान्यात?

नोटिशीचा चौदावा दिवस होता. एकल महिलांच्या जमिनीच्या कागदांचं काम करताना आमची नजर सगळ्यात जास्त याच तारखेवर असते. खातेदार वारला की वारसाचा अर्ज होतो. तलाठी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी, पण गावाच्या तोंडी अजून तलाठीच) चौकशी करून वारसांची नावं गाव नमुना ६-क मध्ये (वारसांची नोंदवही) घेतात, त्यावरून नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरतात आणि नोटीस काढतात. हरकतीला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात कुणी काही बोललं नाही, तर सर्कल (मंडळ अधिकारी) फेरफार प्रमाणित करतात आणि नावं सातबाऱ्यावर चढतात.

मराठवाड्यातल्या त्या गावात चावडीवर फेरफार वाचला गेला, तेव्हा मयताच्या बायकोला त्यातला मजकूर पहिल्यांदा कळला. जमीन २ हेक्टर ४० आर, नवऱ्याने स्वतः खरेदी केलेली. मागे आई, बायको, दोन मुली आणि बारा वर्षांचा मुलगा. भोगवटादार, म्हणजे जमिनीचे धारक, म्हणून आई आणि मुलगा एवढेच. मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान, म्हणून त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) चुलता’. बायको ‘इतर हक्क’ रकान्यात. मुली कुठेच नाहीत.

या चुकीचं मूळ अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात होतं. अर्ज दिराने केला होता आणि वारस म्हणून त्याला हवी तेवढीच नावं लिहिली होती. म्हणून आम्ही प्रत्येक बाईला सांगतो, मृत्यूचा दाखला हातात आला की अर्ज स्वतः करा, तीन महिन्यांच्या आत करा, आणि प्रतिज्ञापत्रात लग्न झालेल्या मुलींसकट सगळ्यांची नावं, नातं आणि वय लिहा. नाव आधारवर असेल तसंच द्यायचं. आधारवर माहेरचं आणि रेशनकार्डावर सासरचं नाव असलं, की तिथेच अर्ज अडकतो.

‘इतर हक्क’ म्हटलं की बाईला वाटतं, नाव तर लागलं. जुन्या उताऱ्यांवर विधवांच्या अशा नोंदी पानोपानी दिसतात. पण त्या रकान्यातलं नाव ८-अ वर, म्हणजे खातेदाराच्या नावावरच्या जमिनीच्या उताऱ्यावर, खातेदार म्हणून येत नाही, आणि पीककर्जाला बँक ८-अ बघते. शेतात राबायचं तिने आणि कर्ज, विमा, नुकसानभरपाई दुसऱ्याच्या सहीने. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खातेदारांत स्त्रिया १३.९६ टक्के होत्या. हा आकडा इतका लहान का, ते अशा फेरफारांच्या रांगेत उभं राहिलं की समजतं.

हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे इथे आई, बायको, दोन मुली आणि मुलगा असे पाच समान वारस, प्रत्येकी ४८ आर. जमीन वडिलोपार्जित असती तर हिशोब वेगळा झाला असता, पण मुली तिथेही सुटल्या नसत्या. २००५ च्या दुरुस्तीने त्यांना जन्मापासून हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

मला आजही आठवतो तो पुढचा क्षण. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊसाहेब, माझी हरकत हाय. माझ्या पोरींची नावं ऱ्हायलीत.” मागून कुणीतरी म्हणालं, लेखी अर्ज आण. याची गरज नसते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तोंडी हरकतही चालते. ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावी लागते आणि लगेच लेखी पोच द्यावी लागते. आम्ही पोच मागितली. ती मिळाली.

मग दिराने स्टॅम्प पेपर काढला. बाईच्या अंगठ्याचं हक्कसोड पत्र. तेराव्याच्या गडबडीत ‘वारसाचा कागद’ म्हणून अंगठा घेतला होता. हक्कसोड नोंदणीकृत नसेल तर त्यावर फेरफार होत नाही, आणि हे साध्या स्टॅम्पवर होतं. धाकटी मुलगी पंधरा वर्षांची. अज्ञानाचा हिस्सा सोडायला नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. आणि वडिलांमागे नैसर्गिक पालक आईच. चुलत्याचं नाव तिथे यायचं काही कारणच नव्हतं.

त्या दिवशी ती गप्प राहिली असती तर? प्रमाणित झाल्यावर कलम १५५ खाली लेखनातली चूक किंवा सगळ्यांना मान्य असलेली चूकच दुरुस्त होते. रकाना बदलायला अपील, प्रांतांकडे (उपविभागीय अधिकारी), ६० दिवसांत. त्यानंतर विलंब माफीपासून सुरुवात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो मला फार मोलाचा वाटतो. कुंकू पुसलं जाऊ नये, बांगड्या फुटू नयेत, हे हवंच. त्याच ग्रामसभेत गेल्या वर्षभरातले वारस फेरफारही वाचले जावेत, असं मी प्रत्येक महिला सरपंचाला सांगते.

सुनावणीत सासूबाई आल्या आणि पाचही वारस त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आता सातबाऱ्यावर पाच नावं आहेत, मुलापुढे आणि धाकट्या मुलीपुढे ‘अ.पा.क. आई’. खातं सामाईक असल्याने बँकेने बाकीच्या खातेदारांची संमती मागितली आहे. थोरली मुलगी सासरहून शनिवारी येते आहे. सासूबाई सोमवारी बँकेत यायला तयार आहेत.